शिपायाचे पत्र : लेखनिक, सेन्सॉर आणि मूळ प्रत

पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधील आघाडीवरून व इंग्लंडमधील लष्करी रुग्णालयांतून भारतीय शिपायांनी घरी धाडलेली पत्रे आज आपल्याला वाचायला मिळतात ती इंग्रजीत. ही वस्तुस्थिती इतकी सवयीची झाली आहे की तिचे नवल वाटेनासे झाले आहे. खडकीच्या सफरमैना तुकड्यांतील २० व २१ क्रमांकांच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ४७ व्या शीख पलटणीच्या बरोबरीने नव्ह शापेल या फ्रेंच खेड्यात शिरल्या आणि जबर हानी सोसून मागे आल्या. या तुकड्यांत शीख व मुसलमान शिपायांप्रमाणे मराठेही होते. त्यांच्यापैकी एखाद्याने घरी काय लिहिले असेल, हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकाला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तराकडे वळावे लागते, आणि तेथेही हाती येतो तो एका इंग्रज अधिकाऱ्याच्या कचेरीत तयार झालेला अनुवादित उतारा. मराठीतून मराठीकडे जाण्याची वाट येथे इंग्रजीतून जाते. ही वाट केवळ अडचणीची आहे, की ती या संहितेच्या स्वरूपाचाच भाग आहे, असा प्रश्न प्रस्तुत लेखात उपस्थित करावयाचा आहे.

आधी संहितेच्या जडणघडणीविषयी. साम्राज्याच्या या युद्धासाठी हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. त्यांतील सुमारे १ लाख ३८ हजार फ्रान्सला पाठविली गेली. १९१४ च्या सप्टेंबरअखेरीस पहिल्या तुकड्या मार्सेय बंदरात उतरल्या. पाठोपाठ इव्हलिन हॉवेल या अधिकाऱ्याची हिंदी टपालाचा सेन्सॉर म्हणून नेमणूक झाली. प्रारंभीचा हेतू मर्यादित होता : गदर पक्षाचे किंवा तत्सम क्रांतिकारक साहित्य शिपायांच्या हाती पडू नये. परंतु तपासणीचे काम जसजसे वाढले तसतसा तिचा हेतूही बदलला. शिपायाचे मन कसे आहे, तो खचला आहे काय, गोऱ्या स्त्रियांविषयी काय लिहितो, राजनिष्ठेचा सूर कायम आहे काय, हे जाणण्याचे साधन म्हणून पत्रांकडे पाहिले जाऊ लागले. निवडक पत्रांतील उतारे इंग्रजीत भाषांतरित करून नियमित अहवालांना जोडले जात. हे अहवाल जपले गेले. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यांतील निवडक उताऱ्यांचे संपादन प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून इतिहासकारांप्रमाणेच वाङ्मयाभ्यासकांचेही लक्ष त्यांकडे वेधले गेले. संतनू दास यांच्या २०१८ मधील ग्रंथाने हा विषय छायाचित्रे, वस्तू, गाणी यांपर्यंत विस्तारला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, कारण तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. सेन्सॉरने भाषांतर केलेली बहुतेक पत्रे अडवली गेली नाहीत. ती पुढे रवाना झाली. ती पंजाबात, गढवालात, कोकणात आणि साताऱ्याकडे पोचली, मोठ्याने वाचून दाखविली गेली, कोणाच्या तरी फडताळात राहिली आणि कालांतराने नष्ट झाली. म्हणजे मूळ प्रत ‘हरवली’ असे जे आपण म्हणतो ते केवळ अभिलेखागाराच्या दृष्टीने खरे आहे. पत्राच्या दृष्टीने पाहिले तर मूळ प्रतीने आपले काम पुरे केले. आपल्या हाती उरला तो प्रवासातील एका नाक्यावर घेतलेला टिपणवजा दाखला, आणि तो उरला याचे कारण तो ज्याच्यासाठी लिहिला होता त्याच्याकडे कधी जाणारच नव्हता.

या उताऱ्यांचे वाचन आजवर मुख्यतः दोन प्रकारे झाले आहे. पहिला प्रकार ‘आवाजा’चा. सामान्य शिपायाचा दबलेला आवाज येथे प्रथमच ऐकू येतो, अशी या वाचनाची भूमिका. थंडी, चिखल, तोफांचा मारा, महाभारताची आठवण करून देणारा संहार, मेलेल्या सोबत्यांची मोजदाद यांविषयीचे उतारे मग एकामागून एक उद्धृत होतात आणि भाष्यकार बाजूला होतो. दुसरा प्रकार संशयाचा. निरक्षर शिपायाने सांगावे, लेखनिकाने लिहावे, पलटणीतील अधिकाऱ्याने चाळावे, सेन्सॉरच्या कचेरीने निवडावे व भाषांतरावे; एवढ्या हातांतून गेल्यावर शिपाई उरतोच कोठे? गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांचा १९८८ मधील निबंध हाताशी धरून येथे वंचिताला बोलताच येत नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे जाते. आपल्याकडील पदव्युत्तर प्रबंधांत हे दोन्ही प्रकार आढळतात. कधी कधी एकाच प्रबंधाच्या दोन प्रकरणांत.

माझ्या मते या दोन्ही वाचनांत एक समान गृहीत आहे. मनात एक शुद्ध उद्गार असतो, त्यावर माध्यमांचे थर चढतात आणि थर काढले की उद्गार सापडतो (किंवा सापडत नाही), हे ते गृहीत. सेन्सॉरचे गृहीतही नेमके हेच होते. त्यालाही पत्रातील ‘खरे मन’ हवे होते. त्याने पत्राचा मायना, नातेवाइकांची लांबलचक यादी, क्षेमकुशलाची पुनरुक्ती हा सांकेतिक भाग बहुधा वगळला आणि जेथे भावना किंवा मत व्यक्त झाल्यासारखे वाटले तेवढे उचलले. आजचा सहानुभूत समीक्षक त्या उताऱ्यातून पुन्हा सर्वांत हृदयद्रावक वाक्य उचलतो, तेव्हा निवडीची तीच क्रिया तो दुसऱ्यांदा करीत असतो. हेतू उलटा असतो, एवढेच.

लिहिणारा आणि लिहविणारा भिन्न असणे ही मराठी परंपरेला अपरिचित गोष्ट नाही. पेशवे दप्तरातील पत्रे ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की पत्राखाली नाव सरदाराचे असते आणि अक्षर कारकुनाचे. त्याहून मागे जायचे तर हेमाद्रीच्या मेस्तकात कोणी कोणास कसे लिहावे याचे नियम घालून दिलेले आहेत. पत्र म्हणजे आत्मप्रकटीकरण, ही कल्पना छापखान्याच्या आणि कादंबरीच्या युगातली. ज्या समाजातून शिपाई आला त्या समाजात पत्र ही अनेकांनी मिळून करावयाची गोष्ट होती. एक सांगे, दुसरा लिही, तिसरा वाचून दाखवी आणि ओसरीवर बसलेले सगळे ऐकत. ‘इकडील क्षेम, तिकडील क्षेम कळवीत जावे’ हा संकेत अशा पत्रात अर्थशून्य नसतो. रुग्णालयात पडलेल्या माणसाने तो लिहवून घेतला, तर तो एकाच वेळी खोटे बोलतो, धीर देतो आणि आपण अद्याप घरच्या रीतीत आहोत हे कळवितो. ब्रायटनच्या राजवाड्यातील घुमटाखाली, जेथे १९१४ च्या अखेरीस जखमी हिंदी शिपायांसाठी रुग्णालय उघडले होते, त्या वाक्याला येणारा अर्थ साताऱ्यातल्या अर्थाहून वेगळा असणार. पण उतारे काढणाऱ्याला तो वेगळेपणा दिसण्याचे कारण नव्हते. त्याच्या लेखी ती भरताड होती.

सेन्सॉरची तपासणी शिपायांपासून लपून राहिली नव्हती, ही दुसरी बाब. आपले पत्र वाटेत वाचले जाते, हे कळल्यानंतर ती पत्रे दोन वाचकांसाठी लिहिली जाऊ लागली. मिरीचे उदाहरण आता प्रसिद्धच आहे. काळी मिरी बहुतेक संपत आली आहे आणि लाल मिरची अजून पुरेशी वापरली जात नाही, अशा अर्थाचे घरगुती वाटणारे मजकूर पत्रांत आढळतात. काळी मिरी म्हणजे हिंदी सैन्य व लाल मिरची म्हणजे गोरे सैन्य, हे गावात समजत होते आणि हॉवेलच्या कचेरीलाही समजले होते. गावाकडून आजाराचे सोंग आणता येईल असे औषध मागविणारी पत्रेही आहेत. अशा सूचक लेखनाला सेन्सॉरची कात्री पुरी पडत नाही, पौर्वात्य माणूस निश्चित काहीच न म्हणता हवे ते कळवू शकतो, अशी हॉवेलची कबुली अहवालात आहे. ‘पौर्वात्य’ माणसाविषयीचा त्यातील पूर्वग्रह सोडून दिला, तर ही कबुली म्हणजे एका वाचकाने दिलेली दाद आहे असेच म्हणावे लागेल.

बाख्तिनने दुसऱ्याच्या शब्दाकडे कटाक्ष टाकीत उच्चारलेल्या शब्दाची जी संकल्पना मांडली, ती या पत्रांना दोस्तोयेव्हस्कीच्या पात्रांइतकीच चपखल लागू पडते. फरक असा की दोस्तोयेव्हस्कीच्या पात्राचा प्रतिपक्ष त्याच्या मनात असतो; शिपायाचा प्रतिपक्ष बुलोनच्या कचेरीत शाई आणि कात्री घेऊन प्रत्यक्ष बसला होता. अशा शब्दाच्या मागे जाऊन ‘खरे मन’ शोधण्याऐवजी त्याच्या कटाक्षाची दिशा पाहणे अधिक फलदायी ठरते. राजनिष्ठेची वाक्ये याच रीतीने वाचावी लागतात. बादशहाचे मीठ खाल्ले आहे, तेव्हा लढणे हा धर्म आहे, अशा अर्थाचे वाक्य पत्रात आले म्हणजे ती निष्ठा खरी की नाटकी, यावर अभ्यासकांत वाद होतो. मिठाची भाषा ही नोकरीच्या कराराची भाषा आहे हे लक्षात घेतले, तर त्याच वाक्यात मालकाच्या कर्तव्याचीही आठवण दडलेली दिसते.

माध्यमाचे थर दूर केले की माणूस भेटतो, या गृहीताची परीक्षा एका अपवादात्मक प्रसंगी झाली आहे. जर्मनीच्या हाती सापडलेल्या वसाहतींतील युद्धकैद्यांसाठी बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फ येथे ‘अर्धचंद्र छावणी’ होती. प्रशियाच्या ध्वनिमुद्रण आयोगातर्फे विल्हेल्म डोगेन व त्यांचे भाषाशास्त्रज्ञ सहकारी तेथे कैद्यांचे बोलणे मुद्रित करीत. ११ डिसेंबर १९१६ रोजी मुद्रित झालेले मालसिंग नावाच्या शिपायाचे पंजाबी कथन बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहे. फिलिप शेफनर यांच्या २००७ मधील चित्रपटामुळे ते पुष्कळांच्या कानी पडले. येथे लेखनिक नाही, भाषांतरकार नाही, प्रत्यक्ष कंठ आहे. आणि हा माणूस बोलतो ते तृतीय पुरुषात. एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी-दूध खात असे, तो या लढाईत आला, त्याला जर्मनांनी पकडले, त्याला आता घरी जायचे आहे, अशा अर्थाचे ते छोटेसे कथन आहे. समोर कर्णा असताना, परक्याच्या आज्ञेवरून बोलताना, त्याने ‘मी’ टाळला. ते का टाळले यावर तर्क करता येतील, परंतु ‘प्रत्यक्ष आवाज’ मिळाला म्हणजे आत्मकथन मिळाले असे होत नाही, एवढे यातून निश्चित दिसते. किंबहुना लोककथेची ती चौकट हेच त्याचे लेखकत्व.

ललित साहित्याने ही सामग्री कशी हाताळली, ते आता पाहू. मुल्कराज आनंद यांची ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ (१९४०) ही कादंबरी या संदर्भात सर्वांत आधी आठवते. जमीनदाराच्या जाचाने गाव सोडून पलटणीत शिरलेला लालसिंग मार्सेयला उतरतो येथून ती सुरू होते. आनंद यांचे वडील लष्करात होते, आणि शिपायांच्या जगाची त्यांची ओळख ऐकीव नव्हती. पंजाबी म्हणी व शिव्या शब्दशः इंग्रजीत उतरवून त्यांनी एक खडबडीत इंग्रजी घडविली. तिच्यावर पुष्कळ टीका झाली. सेन्सॉरच्या उताऱ्यांतील गुळगुळीत इंग्रजी शेजारी ठेवली म्हणजे आनंद यांचा खटाटोप कशाच्या विरुद्ध होता ते कळते. तथापि लालूचे अंतरंग उलगडताना आनंद पुष्कळदा १९३० नंतरच्या डाव्या विचारवंताचे अंतरंग त्याला देऊन टाकतात, हा आक्षेप मला मान्य आहे. तो शिपाई फारच एकटा विचार करतो.

चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही हिंदी कथा १९१५ मध्ये, म्हणजे युद्ध चालू असतानाच, ‘सरस्वती’त प्रसिद्ध झाली. गुलेरी संस्कृतचे पंडित; खंदक त्यांनी पाहिलेला नव्हता. कथेतील युद्धाचे तपशील सदोष आहेत असे कोणी दाखवून दिले तर त्यात आश्चर्य नाही. पण या कथेचा शेवट कोणाही समीक्षकाने थांबून पाहावा असा आहे. लहनासिंगच्या मनातील अमृतसरचा बाजार, ती मुलगी, सुभेदारणीला दिलेला शब्द हे सारे वाचकाला कळते. कथेतील जगाला मात्र वृत्तपत्रात आलेली जखमींची व मृतांची यादी तेवढी कळते : पलटणीचा क्रमांक, हुद्दा, नाव. निवेदन तेथेच संपते. शिपायाचे आयुष्य आणि त्याचा सरकारी दाखला यांच्यातील अंतर गुलेरींनी कसलेही भाष्य न करता कथेच्या रचनेतच बसविले. अभिलेखागाराविषयीची आपली आजची सगळी चर्चा या शेवटात बीजरूपाने आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

बंगालीत आणखी एक वेगळी शक्यता दिसते. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधील शिशिर सर्वाधिकारी कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडले, कैदी झाले आणि जपून ठेवलेल्या टिपणांच्या आधारे त्यांनी पुढे ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक लिहिले. ते शिकलेले होते. त्यांना लेखनिक लागला नाही. त्याच कूतमध्ये ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी कोंडल्या गेल्या होत्या. उपासमार झाली, घोड्याचे मांस खावे की न खावे यावर पेच पडला, शरणागतीनंतर वाळवंटातून पायपीट आणि बगदाद रेल्वेच्या कामावर वेठ झाली. यांतील एकाही मराठा शिपायाचे सर्वाधिकारींसारखे पुस्तक मराठी वाचकाच्या परिचयाचे नाही.

आणि मराठी साहित्य? आपल्याकडे युरोपीय युद्धाच्या छायेत लिहिली गेलेली सर्वांत गाजलेली कादंबरी म्हणजे विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९). तिच्यात जहाज आहे, निर्वासित ज्यू आहेत, हेर्टा आणि चक्रधर यांचे विलक्षण प्रेम आहे, आणि शिपाई नाही. कादंबरीचा हा दोष नव्हे. तिचे रणांगण दुसरेच आहे. पण जहाजाने युरोपला जाऊन आलेला मराठी माणूस म्हणजे सुशिक्षित प्रवासी, हे समीकरण आपल्या वाङ्मयाने किती निर्विवाद मानले, ते यावरून कळते. हजारोंच्या संख्येने बोटीत चढलेला दुसरा मराठी माणूस त्यात बसत नव्हता.

या मौनाचे कारण केवळ वर्गीय अंतर आहे असे मला वाटत नाही. राष्ट्रवादी इतिहासदृष्टीला हा शिपाई अडचणीचा होता. लोकमान्य टिळकांनी १९१८ मध्ये सैन्यभरतीला स्वराज्याच्या व लष्करातील समान दर्जाच्या अटी घातल्या. मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांचे भाषण थांबविले. त्याच वर्षी गांधीजी खेडा जिल्ह्यात भरतीसाठी पायी फिरत होते. पुढे स्वातंत्र्याच्या कथनात या शिपायाला भाडोत्री म्हणावे की हुतात्मा, हे ठरेना, म्हणून त्याला वगळणे सोयीचे झाले. दलित इतिहासात मात्र पलटणीचा अर्थ वेगळा आहे. गोपाळ बाबा वलंगकर निवृत्त सैनिक होते, डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. महारांची भरती बंद झाली त्याविरुद्ध अर्जविनंत्या होत राहिल्या आणि १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली ती या महायुद्धाच्या निकडीने; युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत ती मोडली गेली. साम्राज्याच्या परक्या युद्धात मरायला जाणे आणि अक्षरओळख, पगार व माणूस म्हणून काहीएक दर्जा मिळविणे, या दोन गोष्टी येथे एकाच नोकरीत आहेत. फ्रान्समधून लिहिणारे शिपाई तेथील शिकलेल्या शेतकरी स्त्रिया पाहून आपल्या मुलींना शाळेत घालण्याविषयी घरी लिहितात, तेव्हा वसाहतवादाच्या टीकेची आपली तयार परिभाषा थोडी अवघडते. तिने अवघडावे, हे बरे.

स्मारकांचे लेखनही याच संदर्भात वाचता येते. मेसोपोटेमियात मरण पावलेल्यांच्या, १९२९ मध्ये अनावृत झालेल्या बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. सामान्य हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मधील अहवालात या विषमतेची कबुली दिली. महाराष्ट्रातील काही गावांत लावलेल्या संगमरवरी पाट्याही, या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले, एवढेच सांगतात. अहवालातील उताऱ्यांत शिपायाचे नाव आहे आणि शब्द परके आहेत. येथे शब्दही नाहीत आणि नावही नाही.

मग या उताऱ्यांचे मराठी भाषांतर करावयाचे झाल्यास ते कोणत्या मराठीत करावे? प्रस्तुत लेखकाने पदव्युत्तर वर्गासाठी असा एक प्रयत्न केला. पहिला खर्डा सातारी बोलीत केला. विद्यार्थी हेलावले. पण ते हेलावणे शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी आपल्या कानांवर केलेल्या संस्काराचे होते. १९१५ चा शिपाई त्यात ग्रामीण कथेतले पात्र होऊन बसला, आणि लेखनिक, ज्याची मराठी कदाचित बऱ्यापैकी शास्त्रोक्त असावी, तो तर अदृश्यच झाला. दुसरा खर्डा कचेरीच्या मराठीत केला, कारण समोरचे इंग्रजी कचेरीचे होते. विद्यार्थ्यांनी विचारले, यात शिपाई कोठे आहे? प्रश्न रास्त होता. पण तो पहिल्या खर्ड्याच्या वेळी कोणी विचारला नव्हता.

तिसऱ्या खर्ड्यात दुसऱ्याचीच मराठी ठेवली. फक्त प्रत्येक उताऱ्याच्या आधी, जेथे मायना आणि घरच्या माणसांची नावे असणार, आणि उताऱ्याच्या नंतर, जेथे क्षेमकुशलाचा संकेत असणार, तेथे चार-चार ओळींची जागा कोरी सोडली. वर्गात तो खर्डा मोठ्याने वाचताना त्या कोऱ्या जागांपाशी किती वेळ थांबायचे, यावर आमचे अद्याप एकमत झालेले नाही.